आत माणूस आहे

कमला जाधव आंबेखोलच्या बंबखान्यात टेलिफोनवर बसायची, आणि गावाबद्दल तिचं मत काही चांगलं नव्हतं. ते चांगलं व्हावं असं गावाने काही केलंही नव्हतं. आग लागल्यावर एकशे एक नंबर फिरवायचा हे लोकांना ठाऊक होतं, पण आग रोज लागत नाही आणि नंबर मात्र फुकट. त्यामुळे फोन यायचे. मुलीचं वऱ्हाड आलंय नि विहीर आटलीय, बंबातलं पाणी पाठवा. शिमग्याची पालखी येणार, रस्ता धुऊन द्या. एका मास्तरणीचा पोपट माडावर जाऊन बसला होता, तर तिने दिवसभर फोन करून कमलेचं डोकं उठवलं.

"आग लागली की फोन करा," एवढं बोलून कमला रिसीव्हर आपटायची. पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे तक्रारी जायच्या. मुख्याधिकारी तरुण होता, देशावरून बदली होऊन आलेला. तो तक्रारी ऐकून घ्यायचा नि गप्प बसायचा, कारण कमला काशीरामची विधवा होती आणि काशीरामच्या विधवेला बोलणं चांगलं दिसलं नसतं.

काशीराम जाधव त्याच बंबावर फायरमन होता. नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यात आप्पाशेटच्या काजूच्या कारखान्याला आग लागली. आप्पाशेट म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. आंब्याच्या बागा, काजूचा कारखाना, देवळाचा विश्वस्त, शाळेचा अध्यक्ष. जिथे हार निघेल तिथे त्याची मान आधी पुढे.

काजूच्या टरफलात तेल असतं. ते पेटलं की पाण्याला दाद देत नाही, आणि धूर असा सुटतो की घसा आतून सोलून निघतो. बंब पोचला तेव्हा गोदामाची पुढची बाजू भडकली होती. बंबावरचा मुख्य धोंडू मोरे, त्याने बाहेरूनच पाणी मारायला सुरुवात केली. तेवढ्यात आप्पाशेट धावत आला.

"अरे बाहेर काय उभे राहिलात? आत माणूस आहे! माझा सदू आहे आत, मागच्या अंगाला!"

सदू हा कारखान्याचा वॉचमन. काशीरामने गोणपाट भिजवून अंगावर घेतलं नि आत गेला. मागच्या दाराला आतून अडसर होता. तो काढून त्याने दार उघडलं. बाहेर कारखान्याची माणसं जमली होती, त्यांना म्हणाला, "हितं नाय तो, परत बघतो," आणि पुन्हा धुरात वळला. माणसांनी उघड्या दारातून काजूगराच्या गोण्या ओढायला घेतल्या. बऱ्याच गोण्या निघाल्या. मग छपराचा वासा मोडला, कौलं खाली आली. काशीराम निघाला नाही.

थोड्या वेळाने सदू सायकलवरून आला. मागे कॅरिअरला सुतळीचं बंडल बांधलेलं होतं.

चौकशी झाली. "मला वाटलं तो आतच असेल," आप्पाशेट म्हणाला, आणि चौकशी संपली. शोकसभेत तो इतका रडला की लोक कमलेला सोडून त्याचं सांत्वन करायला गेले. पुढे त्याने बंबखान्याला थंड पाण्याचं यंत्र भेट दिलं. त्याच्यावर काशीरामचं नाव बारीक अक्षरात नि देणाऱ्याचं ठळक. कमलेला अनुकंपा म्हणून टेलिफोनवर नेमलं, तेव्हापासून ती पिण्याचं पाणी घरून बाटलीत आणू लागली.

काशीरामच्या पुण्यानुमोदनाला बौद्धवाडीत सगळे जमले होते. सदूही आला होता. जेवण झाल्यावर तो कमलेला बाजूला घेऊन म्हणाला, "वयनी, मनात ठेवून जीव खातंय. आगीच्या दिवशी मला सुतळी आणाया शेटनीच धाडलं व्हतं. वर बोलले, घाई करू नको, चा पिऊन ये."

कमलेने विचारलं, "हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"पोरं हायत माझी."

"मलाही मुलगी आहे," कमला म्हणाली आणि उठून आत गेली.

तिने धोंडूला ते सांगितलं. धोंडूने मान खाली घातली. मग म्हणाला, "वहिनी, सदू स्वतः बोलल्याशिवाय कोण ऐकणार? नि तो बोलायचा नाही." सदू खरंच बोलला नाही. रस्त्यात दिसला की सायकल दुसऱ्या अंगाला घ्यायचा. आप्पाशेटची कमलेला चीड यायची. सदूबद्दल तर तिला चीडसुद्धा वाटत नव्हती. चपलेला चिखल लागावा, तेवढंच.

पालिकेने पुढे धुरात घालायचे दोन मुखवटे घेतले, पाठीवर हवेची नळकांडी असलेले. त्यासाठी एक माणूस मरावा लागला. आप्पाशेटने गोदाम पुन्हा बांधलं. पहिल्यापेक्षा मोठं.

दोन हजार तीनच्या एप्रिलातली गोष्ट. काजूचा हंगाम भरात होता. कमला सकाळी कामावर येताना एस. टी. स्टँडवरून गेली, तेव्हा दापोलीच्या गाडीला सदू लटकताना दिसला. बायको नवं लुगडं नेसलेली, सदूच्या डोक्याला टोपी. नात्यात कुणाचं लग्न असावं. त्याने कमलेला पाहिलं नि तोंड फिरवलं.

दुपारी जेवणाचा डबा उघडायच्या वेळी फोन वाजला.

"हॅलो, बंब पाठवा! लवकर! काजूच्या गोदामाला आग लागलीय!"

आवाज कोणाचा ते विचारायची गरज नव्हती.

"बोला," ती म्हणाली.

"काय बोला? ऐकू नाही आलं? आत माणूस आहे!"

"कोण माणूस?"

"आं?"

"आत कोण आहे? नाव सांगा."

पलीकडे क्षणभर नुसता श्वास ऐकू आला. मग आप्पाशेट म्हणाला, "सदू. आमचा सदू आहे आत. लवकर या बाई, माणूस मरेल!"

कमलेने फोन ठेवला आणि घंटा दाबली. धोंडू नि पोरं धावत आली, कोणी बूट चढवतंय, कोणी हेल्मेट. बंबाचं इंजिन सुरू झालं.

"आप्पाशेटचं गोदाम," कमला म्हणाली. "आत कोणी नाही."

धोंडू थांबला. "तो काय बोलला?"

"सदू आत आहे म्हणाला. सदू दापोलीला गेलाय, सकाळी मी स्वतः गाडीत बघितलाय. भावजी, तेच नाव, तीच थाप. त्याला मागचं दार उघडून हवंय. आत जाऊ नका. त्याच्या काजूसाठी आता आणखी कोणी मरायचं नाही."

धोंडूने मान हलवली नि उडी मारून बंबावर चढला.

कमला फोनपाशी एकटी राहिली. फोन सोडून जायचं नाही असा नियम होता. खिडकीतून बाजाराच्या पलीकडे काळा धूर चढताना दिसत होता. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. या वेळी त्याला ओळखलं होतं. या वेळी तो ओरडेल, छाती बडवेल, आणि बंबावरची माणसं त्याच्यासमोर पाय रोवून बाहेर उभी राहतील. काजू जळतील. गावाला दिसेल, हा माणूस किती हलका आहे ते. तिने डबा उघडला नि शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला.

पुन्हा फोन वाजला. कारखान्याच्या शेजारचा कोणी होता. "अहो, तुमचे बंबवाले बाहेरच उभे हायत! शेट सांगतायत आत माणूस हाय, नि हे आत जात नायत!"

"आत कोणी नाही," कमला म्हणाली.

"तुम्हाला काय म्हाईत हितनं?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिथे काय झालं ते धोंडूने तिला नंतर सांगितलं. आप्पाशेट त्याच्या अंगावर धावून आला होता. "जा की रे आत! मागच्या अंगाला आहे!" धोंडू शांतपणे म्हणाला, "सदू दापोलीत हाय, शेट." आप्पाशेटचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "मग... दुसरं कोणीतरी असेल." धोंडूने पाठ फिरवली नि पाण्याची नळी कौलांवर धरली. बंबावरची पोरं हसली. आणि असं पाणी मारत असताना मागच्या बाजूने ठोकल्याचा आवाज आला. आधी वाटलं कौलं फुटतायत. पण आवाज खालून येत होता, पत्र्याच्या दारावर, आतून, आणि कमी कमी होत चालला होता.

धोंडूने मुखवटा चढवला. दार आतून अडकलं होतं, अडसर तापून वाकला होता. दोघांनी कुऱ्हाडीने पत्रा फाडला. दाराशीच गोण्यांच्या आड एक बाई पडली होती. धोंडूने तिला खांद्यावर टाकून बाहेर आणली. तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत भाजला होता आणि तोंडातून काळी थुंकी येत होती. पण ती जिवंत होती.

ती जनी. कारखान्यात बिया फोडायला येणारी. अंगात ताप होता, मुकादम सुट्टी देईना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत गोण्यांच्या मागे जाऊन आडवी झाली नि तिथेच डोळा लागला. ती आत आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. आप्पाशेटला तर नव्हतंच. त्याने थाप मारली होती, आणि ती खरी निघाली.

धोंडू हे सांगत असताना कमलेने टेबलाची कड धरून ठेवली होती.

"मी तुम्हाला म्हणाले, आत कोणी नाही," ती म्हणाली.

"मीही ऐकलं ना, वहिनी."

"पाय केव्हा भाजला तिचा? तुम्ही पोचायच्या आधी, की नंतर?"

धोंडूने हातातलं हेल्मेट उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. "कोण सांगणार?" तो म्हणाला.

दोन दिवसांनी कमला रत्नागिरीला इस्पितळात गेली. जनी खाटेवर उताणी पडली होती. चाळिशीची असेल, हाडं वर आलेली, काजूच्या तेलाने काळवंडलेले तळवे चादरीवर उघडे ठेवलेले. कमलेने मोसंबी ठेवली नि स्टुलावर बसली. काय झालं ते तिने न लपवता सांगितलं: काशीरामचं, सदूचं, फोनचं.

जनीने सगळं ऐकून घेतलं. तिचा आवाज धुराने बसला होता, कुजबुजल्यासारखा येत होता.

"म्हंजे तू टेबलावर बसून ठरवलंस," ती म्हणाली. "आत कोण हाय नि कोण नाय."

"तो खोटं बोलत होता."

"व्हता ना. तो खोटं बोलला नि तुला खरं म्हाईत व्हतं. नि मी आत दार ठोकत व्हते." ती खोकली. कमलेने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही. "त्याला त्याचे काजू दिसत व्हते. तुला तुझा घोव दिसत व्हता. मी कुणाला दिसत व्हते गो?"

कमलेने पेला खाली ठेवला.

"मला कामावरनं काढलानी," जनी म्हणाली. "मुकादम येऊन सांगून गेला. कामावर झोपली म्हणून. जा आता. डोळा लागतोय माझा."

परतीच्या गाडीत कमला खिडकीशी बसली होती, पण तिने बाहेर बघितलं नाही. इतकी वर्षं ती गावाला तुच्छ मानत आली होती. ती तुच्छता आता तिच्याकडे वळून बघत होती, आणि त्यात चुकीचं असं काही तिला सापडत नव्हतं.

इकडे गावाने मात्र भलतंच ठरवलं. आप्पाशेटने वेळेवर फोन केला, आत माणूस आहे असं जिवाच्या आकांताने सांगितलं, म्हणून एका गरीब बाईचे प्राण वाचले. गावातल्या साप्ताहिकात त्याचा फोटो आला, वर "प्रसंगावधान" असा मथळा. रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात सत्कार ठरला. मुख्याधिकारी कमलेकडे येऊन म्हणाला, "गुच्छ तुमच्या हातून दिला तर फार शोभेल. काशीरामांची आठवणही होईल."

"देते," कमला म्हणाली.

तो इतका खूश झाला की तिला त्याचीही कीव आली.

सभागृह भरलं होतं. आप्पाशेट पांढऱ्या सदऱ्यात व्यासपीठावर बसला होता. पहिल्या रांगेत देवळाचे विश्वस्त, मागे शाळेची मुलं, रविवारची पकडून आणलेली. धोंडू नि पोरं गणवेशात भिंतीला टेकून उभी होती. त्यांना खुर्च्या ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. सदू दाराशी होता, चहाच्या किटलीपाशी. जनीला कोणी बोलावलं नव्हतं. ती अजून खाटेवरच होती.

भाषणं झाली. कमलेचं नाव पुकारलं. ती वर गेली, गुच्छ हातात घेतला, आणि आप्पाशेटकडे न जाता माईकपाशी थांबली.

"फोन मी घेतला होता," ती म्हणाली. "आप्पाशेट म्हणाले, आत माणूस आहे. मी नाव विचारलं. त्यांनी सदूचं नाव सांगितलं. सदू त्या दिवशी दापोलीला होता. आत जनी होती, तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. आजही आहे की नाही, विचारून बघा."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. मुख्याधिकारी अर्धवट उठला.

"मीही काही चांगलं केलं नाही," कमला म्हणाली. "मी बंबावरच्या माणसांना सांगितलं, आत कोणी नाही. यांच्यावरच्या रागापायी सांगितलं. जनीला धोंडूभावजींनी बाहेर काढलं. आम्ही दोघांनी तिला मारायचंच बाकी ठेवलं होतं. तेव्हा हा गुच्छ मी यांना देणार नाही, आणि घेणारही नाही." तिने दाराकडे पाहिलं. "नव्व्याण्णव सालच्या आगीत, सदू, तुला सुतळी आणायला कोणी पाठवलं होतं?"

सगळी डोकी दाराकडे वळली. सदूने हातातला कप किटलीखाली धरला होता. चहा कपाबाहेर सांडत राहिला. तो बोलणार नाही, हे कमलेला ठाऊक होतं. ती व्यासपीठावरून उतरायलाही लागली.

"पुरे झालं हे," आप्पाशेट व्यासपीठावरून हसत म्हणाला. "सदू, चहा वाट. बाईंचं मन ठिकाणावर नाही."

सदूने कप खाली ठेवला.

"शेटनी धाडलं व्हतं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मागच्या मुलांनाच ऐकू आला. मग तो मोठ्याने बोलला. "शेटनीच धाडलं व्हतं. नि आता परत माझंच नाव घेतलंत व्हय, शेट? माज्या भाचीच्या हळदीला मी नाचत व्हतो, नि हितं तुमी मला जाळत व्हतात. दोनदा मारलंत मला. दोन्ही येळा काजूपायी."

शाळेची मुलं हसली. मास्तरांनी डोळे वटारले. आप्पाशेट उठून म्हणाला, "प्यायलाय तो." कोणीतरी म्हणालं, असेल. कोणीतरी म्हणालं, नसेलही. मग आभारप्रदर्शन झालं. आभार मानणारा आधीच लिहून आणलेलं वाचत गेला, "आप्पाशेटसारखी माणसं आहेत म्हणून गाव आहे" इथपर्यंत. नंतर चहा नि बटाटेवडे झाले. पुष्कळ लोक थांबून खाऊन गेले.

एवढंच झालं. काशीरामच्या मरणाची चौकशी पुन्हा उघडली नाही. धोंडू नि सदू पोलिसांकडे जाऊन आले. तिथे त्यांना बसवून ठेवलं नि चार वर्षं कुठे होतात असं विचारलं. सदूची नोकरी गेली. तो सावर्ड्याला एका लाकडाच्या वखारीत राखणीला लागला. जायच्या आधी कमलेच्या दारावरून गेला, या वेळी सायकल आड न घेता, आणि ती "चहा घे" म्हणाली तर थांबला. मुख्याधिकाऱ्याने कमलेला कारणे दाखवा नोटीस दिली. तिने जे घडलं ते लिहून दिलं. ते त्याला कोणाला दाखवता येईना, म्हणून ती टेलिफोनवर राहिली.

पावसाळ्यानंतर आप्पाशेट बंबखान्यात आला. तिसरं गोदाम बांधलं होतं, त्याला बंबखान्याचा ना-हरकत दाखला हवा होता. धोंडू खाडीच्या चिखलात रुतलेली म्हैस काढायला गेला होता. आप्पाशेट बाकावर बसला. बराच वेळ गेला.

"कमलावहिनी," तो म्हणाला, "अजून मनात धरून आहात? मी तरी काय मुद्दाम..."

"लाईन मोकळी ठेवायची असते," कमला त्याच्याकडे न बघता म्हणाली. "इथे बोलू नका."

धोंडू कमरेपर्यंत चिखलाने माखून आला. त्याने हातही न धुता विचारलं, "मागचं दार बाहेरून उघडतं का?"

"करून घेतो."

"करून घेतल्यावर या."

आप्पाशेटने दार करून घेतलं. धोंडूने जाऊन ते चारदा उघडून लावून पाहिलं आणि दाखला दिला. द्यावाच लागला.

"दिलात?" कमलेने विचारलं.

"दिला. दार चांगलं केलंय."

"आत बायका कोण कोण असतात?"

"ते मी कशाला बघू?" धोंडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कमलेची सुट्टी होती. दुपारी ती कारखान्याच्या फाटकाशी गेली. बिया फोडणाऱ्या बायका फणसाच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या, सगळ्यांचे हात काळे. कमला त्यांच्यापाशी जाऊन खाली बसली आणि एकेकीला नाव विचारू लागली. कुठली वाडी, सुट्टीत कुठे बसतेस, दुपारी आत कोण राहतं.

"कशाला गो तुला?" एकीने विचारलं.

"फोन माझ्याकडे येतो. कोण आत आहे ते मला ठाऊक असावं म्हणून."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांच्यातली एक म्हातारी, तोंडात घास धरून, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "नावं विचारतेय ती. जनीचा पाय जळला तवा कुठं व्हतीस?"

"बंबखान्यात होते. फोनवर," कमला म्हणाली.

म्हातारीने घास गिळला. मग शेजारणीला कोपराने ढोसून सरकायला लावलं, कमलेला जागा करून दिली, आणि म्हणाली, "माझं नाव सावित्री. दुपारी मी आतच असते. ध्यानात ठेव."